माळ्यावरची दुर्बीण आणि तिचा डोळा

डिसेंबर संपला की बेस्ट, आइंडहोवन, फेल्डहोवन या आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच मराठी घरांत एक नवी वस्तू माळ्यावर चढते. ती म्हणजे दुर्बीण. पाच डिसेंबरला सिंटरक्लासच्या पोत्यातून येते, नाताळच्या सुट्टीत दोन-तीनदा बागेत उभी राहते, आणि जानेवारीत गणपतीच्या मखराशेजारी जाऊन बसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "काही दिसतच नाही हो! आणि पोरांनाही आता इंटरेस्ट राहिलेला नाही."

पोरांचा इंटरेस्ट गेलेला नसतो. बहुतेक वेळा दुर्बीणही वाईट नसते. वाईट असतो तो तिचा डोळा, म्हणजे आपण ज्याला डोळा लावतो तो आयपीस. मराठी पुस्तकांत त्याला नेत्रिका म्हणतात. शब्द छान आहे, पण दुकानात जाऊन नेत्रिका मागितली तर काय मिळेल सांगता येत नाही, म्हणून या लेखात आपण आयपीसच म्हणू. घरात नवा माणूस येतो तसा हा विषय नीट ओळख करून घेऊन आत आणला, तर तीस-चाळीस युरोत माळ्यावरची दुर्बीण पुन्हा खाली उतरते. हा लेख त्यासाठीच.

खोक्यावरचा आकडा

नवशिक्याच्या दुर्बिणीच्या खोक्यावर शनीचं झकास रंगीत चित्र असतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत '५२५ पट'! हा आकडा येतो कुठून? हिशेब अगदी चौथीतला आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट मोठं दिसणार तो आकडा. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी दुर्बीण म्हणजे ७० मिलिमीटर भिंगाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची. तिच्याबरोबर ४ मिलिमीटरचा एक इवलासा आयपीस देतात. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. मग तिप्पट करणारं एक बार्लो भिंग देतात. १७५ गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित बरोबर आहे, खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त त्यातून काही दिसत नाही!

का दिसत नाही? एक चमचा तूप एका फुलक्यावर पसरलं तर फुलका चकचकीत होतो. तेवढंच तूप पंचवीस फुलक्यांना पुरवायचं म्हटलं तर नुसता वास. दुर्बिणीचं पुढचं भिंग जेवढा प्रकाश गोळा करतं, तेवढंच आपलं तूप. चित्र दुप्पट मोठं केलं की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि चित्र तेवढं मंद होतं. शिवाय भिंगाच्या आकाराने ठरलेली एक मर्यादा असते. ती ओलांडली की नवे तपशील दिसत नाहीत, आहे तोच धूसरपणा मोठा होतो. ढोबळ नियम असा, की भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट ही शेवटची हद्द. ७० मिलिमीटरला १४० पट. त्यापुढे सगळं खोक्यावरचं.

दुसरी अडचण अशी की पृथ्वी थांबत नाही. ५२५ पटीला आकाशाचा इतका चिमुकला तुकडा दिसतो की ग्रह एका कडेने आत येतो आणि पंधरा-सोळा सेकंदांत दुसऱ्या कडेने पसार होतो. "आई, ये बघ!" म्हणून हाक मारून आई स्वयंपाकघरातून बागेत येईपर्यंत शनी शेजाऱ्यांच्या कौलांवर. त्यात स्टँड हलका असला की नुसता फोकस फिरवला तरी चित्र भूकंपासारखं थरथरतं. मूल दोनदा बघतं, तिसऱ्यांदा "दिसलं" असं खोटंच सांगतं, आणि चौथ्यांदा बाहेर यायचं टाळतं. मला खरा तोटा वाटतो तो हाच. शंभर युरो गेले ते गेले, पण आकाशाकडे बघून काही मिळत नाही असं एका नऊ वर्षांच्या मुलीने मनाशी ठरवून टाकलं, तर ते परत फिरवायला फार कष्ट पडतात.

पन्नास पटीत चंद्र सापडला

आता आपण जिथे राहतो त्या देशाबद्दल दोन शब्द, कारण हा विषय अगदी इथल्या मातीतला आहे. ऑक्टोबर १६०८ मध्ये झीलंडमधल्या मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरहे नावाच्या चष्मेवाल्याने 'लांबच्या वस्तू जवळ दाखवणाऱ्या' यंत्रासाठी हेगच्या दरबारी पेटंट मागितलं. इतरांनीही तसाच दावा केल्याने पेटंट काही मिळालं नाही, पण बातमी युरोपभर पसरली. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीने गुरूचे चंद्र पाहिले. वीस पट! आपल्या माळ्यावरच्या दुर्बिणीचा सर्वांत 'कमकुवत' आयपीससुद्धा याहून जास्त मोठं दाखवतो.

त्याहून आपल्या कामाची गोष्ट क्रिस्तियान हायगेन्सची. जन्म १६२९, गाव हेग. भावाच्या मदतीने तो स्वतः भिंगं घासायचा. २५ मार्च १६५५ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला शनीजवळ एक ठिपका दिसला. तोच शनीचा सर्वांत मोठा चंद्र, टायटन. दुर्बीण बारा फूट लांब, आणि पट पन्नासच्या आसपास. १६५९ मध्ये त्याने शनीभोवती कडं आहे, ते शनीला कुठेही चिकटलेलं नाही, हे पुस्तक लिहून जाहीर केलं. आणि १६६२ च्या सुमारास त्याने दोन भिंगांचा एक आयपीस तयार केला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

गंमत म्हणजे तोच आयपीस आपल्यापैकी काहींच्या घरी आहे. खोक्यातल्या आयपीसवर बारीक अक्षरांत 'एच' कोरलेलं असेल तर तो हायगेन्सचा. 'एसआर' असेल तर अठराव्या शतकातल्या रॅम्सडेनच्या नमुन्याचा. हे नमुने वाईट नव्हेत. हायगेन्सच्या लांबलचक दुर्बिणींना ते शोभून दिसले. पण आजच्या आखूड दुर्बिणींना ते लावले की कडेचे तारे फिसकटतात आणि दिसणारं आकाश चावीच्या भोकातून बघितल्यासारखं अरुंद होतं. पणजोबांचा कोट म्हणून जपून ठेवावा, रोज घालू नये.

मग घ्यायचं काय?

आधी पट्टी घेऊन आयपीस जिथे बसतो त्या नळीचं तोंड मोजा. ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच असेल तर चिंता नाही. आजचे बहुतेक आयपीस याच मापाचे असतात. जुन्या किंवा सेकंडहँड दुर्बिणींत २४.५ मिलिमीटरचं लहान तोंड सापडतं. त्यासाठी सव्वा इंचात बदलून देणारा जोड मिळतो, तो आधी घ्यावा. मापाची खात्री केल्याशिवाय मार्क्टप्लाट्सवर घासाघीस सुरू करू नये.

नवशिक्याने 'प्लॉस्ल' जातीचा आयपीस मागावा. व्हिएन्नाच्या सिमोन प्लॉस्लने १८६० मध्ये ही रचना केली. दोन-दोन भिंगांच्या दोन जोड्या, एकूण चार भिंगं. साधारण ५० अंशांचं स्वच्छ दृश्य मिळतं आणि किंमत तीस ते पन्नास युरोच्या घरात. त्याहून स्वस्तात १८४९ चा केल्नर येतो, त्यावर 'के' लिहिलेलं असतं. तोही चालतो. आणि १८८० मध्ये झाइसच्या एर्न्स्ट आबेने काढलेला 'ऑर्थोस्कोपिक' ग्रहांसाठी अजून नावाजलेला आहे. फेल्डहोवनच्या यंत्रांत झाइसचेच आरसे बसतात, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांच्या मीठ-भाकरीशी या आबेसाहेबांचा दूरचा संबंध आहेच.

किती घ्यायचे? दोन. फार तर तीन. दहा आयपीसची पेटी 'सेट'मध्ये स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्यातले सात कधीच वापरले जात नाहीत.

पहिला, २५ किंवा ३२ मिलिमीटरचा. हा पाया. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २५ चा आयपीस २८ पट देतो आणि एका वेळी आकाशाचा जवळजवळ १.८ अंश तुकडा, म्हणजे शेजारी शेजारी साडेतीन पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढा. त्यात वस्तू सापडते, आणि सात मिनिटांच्या आसपास दृश्यात टिकते. तेवढ्यात आई, बाबा, आजी आणि शेजारचे ओपा सगळ्यांचं बघून होतं. काहीही पाहायचं असो, आधी हाच लावायचा. थेट मोठ्या पटीने शोधायला जाणं म्हणजे पायाआधी कळस चढवणं.

दुसरा, १० मिलिमीटरच्या आसपासचा. ७० पट. अख्खा चंद्र दृश्यात बसतो आणि त्यावरची विवरं स्पष्ट दिसतात. गुरूचे पट्टे आणि शनीचं कडं इथे ओळखू येतं.

तिसरा लगेच घेऊ नका. त्याऐवजी दुप्पट करणारं चांगलं बार्लो भिंग घ्यावं. २५ चा झाला साडेबारा, १० चा झाला ५. दोन आयपीसमध्ये चार पटी: २८, ५६, ७० आणि १४०. मात्र २० आणि १० अशी जोडी असेल तर बार्लोने २० चे पुन्हा १० च होतात, पैसे वाया. आणि खोक्यात आलेलं तिप्पट बार्लो ४ मिलिमीटरच्या आयपीससकट मुलांना खेळायला द्यावं.

ज्यांच्याकडे १३० मिलिमीटर आरशाची, ६५० नाभीय अंतराची दुर्बीण आहे त्यांचा हिशेब: २५ चा २६ पट, १० चा ६५ पट, ५ चा १३० पट. तिथे हद्द २६० असली तरी आपल्याकडची हवा फार क्वचित तिथपर्यंत जाऊ देते.

झूम आयपीसबद्दल नेहमी विचारलं जातं. ८ ते २४ मिलिमीटर असा एकच घेतला की बदलाबदली नको, हे खरं. पण २४ ला, म्हणजे जिथे आकाश ऐसपैस हवं तिथेच, तो अरुंद होतो. ज्यांना अंधारात लहान वस्तू हाताळायचा कंटाळा आहे त्यांनी जरूर घ्यावा, पण स्वस्तातला नको.

चष्मा आणि आजी-आजोबा

आयपीस विकत घेताना घरातल्या चष्म्यांची मोजदाद करावी. प्रत्येक आयपीसपासून ठराविक अंतरावर डोळा ठेवला तरच पूर्ण दृश्य दिसतं. प्लॉस्लमध्ये हे अंतर त्याच्या आकड्याच्या साधारण सत्तर टक्के असतं. २५ ला सतरा मिलिमीटर, म्हणजे चष्म्यासकट निभावतं. १० ला सातच, आणि ६ ला चार. तिथे पापण्या काचेवर झाडू मारतात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा लागतो. अशा घरांनी लहान आकड्याचा आयपीस घेताना 'डोळ्याचं अंतर पंधरा ते वीस मिलिमीटर' असं विचारून घ्यावं. थोडे पैसे जास्त पडतील, पण आजीला ते कडं दिसेल.

आजी-आजोबांचा प्रश्न मात्र पंचांगाचाही आहे. आपण त्यांना बोलावतो मे-जूनमध्ये, ट्यूलिप नाही तर निदान ऊन तरी बघू देत म्हणून. पण बेस्ट आहे ५१.५ अंश अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे पूर्ण काळोखी रात्र होतच नाही. जूनअखेर सूर्यच रात्री दहाला मावळतो. त्या दिवसांत चंद्र आणि जोडतारे बघावेत, तेजोमेघांच्या मागे लागू नये. खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरात साडेचारला सूर्यास्त, सहाला मिट्ट काळोख. मुलं जेवायच्या आधी तासभर आकाश बघून घेऊ शकतात, ही सोय पुण्या-मुंबईलाही नाही. ढग तेवढे बाजूला व्हायला हवेत, एवढंच!

आपलं आकाश इथे कुठे गेलं?

'भारतातलं आकाश निराळं, इथलं निराळं' असं मुलांना वाटतं. अर्धं खरं आहे. पुण्याला ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, बेस्टला साडेएकावन्न. म्हणून दक्षिणेकडचे काही पाहुणे इथे येतच नाहीत. अगस्तीचा तारा पुण्याच्या थंडीत सहज दिसतो, बेस्टहून कधीच नाही. ज्येष्ठा इथे जेमतेम बारा अंश वर येते, झाडांच्या आणि कौलांच्या आड. त्या बदल्यात सप्तर्षी इथे कधी मावळत नाहीत. वर्षातली कुठलीही निरभ्र रात्र घ्या, ते कुठेतरी आहेतच.

आणि सप्तर्षींतच आपल्या आयपीसची परीक्षा आहे. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. लग्नात भटजींनी बोट दाखवल्यावर आपण सर्वांनी 'दिसली, दिसली' म्हटलेलं आहे! आता खरोखर बघा. २५ चा आयपीस लावला की दोघं ऐटीत वेगवेगळी दिसतात. मग नीट बघा, वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. तीस-चाळीस पटीला ते दोन ठिपके सुटे होतात. होत नसतील तर आयपीस, फोकस किंवा हवा यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. कृत्तिकांचा पुंजका मात्र १० च्या आयपीसमध्ये मावत नाही, त्याला २५ किंवा ३२ चाच हवा. मृगाचा तेजोमेघही आधी कमी पटीतच खुलतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेवर आली होती, त्यामुळे त्या सुमारास अनेकांना कडंच सापडेना. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत जाणारी आहेत, २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. आज पाच वर्षांची असलेली मुलं तोवर मोठ्या शाळेत जातील. त्यांच्या हाती तोपर्यंत चालू दुर्बीण असावी.

बागेतली पथ्यं

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे तिचं तापमान बागेएवढं होईल. खिडकीच्या काचेतून किंवा उघड्या खिडकीतून बघू नका, हीटिंगची गरम हवा चित्र उकळवते. शेजाऱ्यांच्या धुराड्याच्या वरचा ग्रहसुद्धा तसाच नाचतो, तासाभराने बघावा. इथल्या दमट हवेत आयपीसवर दव बसतं. वापरात नसलेला आयपीस कोटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि त्यावर फुंकर मारू नका. काच पुसायला पदर, रुमाल, टिश्यू काही नको. आधी हवेच्या पिचकारीने धूळ उडवावी.

शोधक दुर्बीण दिवसा जुळवून घ्यावी. बेस्टमध्ये सेंट ओडुल्फस चर्चचा मनोरा यासाठी फार चांगला, मात्र सूर्य त्या बाजूला नसताना. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून खोक्यावर चिकटवा: सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही. आयपीसवर लावायची काळी 'सूर्यकाच' जुन्या सेटमध्ये मिळते. ती उष्णतेने तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. तशी काच घरात असेल तर आज फेकून द्या. सूर्यासाठी फिल्टर लागतो तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण झाकणारा.

विकत घेण्याआधी डोळा लावून बघायचा असेल तर इथल्या लोकवेधशाळांत जावं. आइंडहोवनला डॉ. ए. एफ. फिलिप्स यांच्या नावाची वेधशाळा आहे. हवामान आणि खगोलशास्त्राची १९०१ मध्ये स्थापन झालेली डच संस्था दरवर्षी देशभर आकाशदर्शनाचे दिवस भरवते. तिथले हौशी लोक आपापले आयपीस काढून दाखवतात, डच मोडकंतोडकं असलं तरी चालतं. भारतात गेलात तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. मुलांना एकदा मराठीतून आकाश ऐकू द्या. घरी आल्यावर स्वाती, चित्रा, अभिजित ही नावं त्यांच्या तोंडी राहतील.

एक सूचना

१४ जानेवारी २००५ ला, नेमक्या संक्रांतीच्या दिवशी, 'हायगेन्स' नावाचं युरोपीय यान टायटनवर उतरलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी पन्नास पटीत दिसलेल्या ठिपक्यावर! तेव्हा माझी सूचना अशी आहे की येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या हॉलवर ज्याने त्याने आपल्या माळ्यावरची दुर्बीण आणि असतील नसतील ते आयपीस घेऊन यावेत. पाचनंतर काळोखच असतो. कुणाकडे दोन २५ चे असतील, कुणाकडे एकही नसेल, अदलाबदल होईल. आपल्या दुर्बिणीत कुठला बसतो, चष्म्यासकट कुठल्यातून दिसतं, ते पैसे खर्च करण्याआधीच कळेल. आभाळ झाकलेलं असलं तरी समोरच्या रस्त्यावरचा लांबचा दिवा फोकस करून आयपीस पारखता येतात. आयपीसवर आपलं नाव लिहिलेली चिकटपट्टी मात्र लावून आणा, आणि तिळगुळाच्या हातांनी काचेला हात लावू नका.